नाळेवरची गाठ

जावयाने सकाळी सकाळी फोनवर तो शब्द उच्चारला नसता, तर ‘बेर्निक’ ही होडी कामारेच्या धक्क्यावरून वेळेवर सुटली असती.

जावई बर्त्रां लियों शहरातला. समुद्राची आणि त्याची ओळख मासळीबाजारापुरती. फोन स्पीकरवर होता, सासरा गुलवेन होडीच्या मधोमध उभा होता, आणि जावई मोठ्या प्रेमाने म्हणाला, "परत आलात की रविवारी आमच्याकडेच जेवायला या. मोहरी घालून ससा करतोय."

गुलवेनने चटका बसल्यासारखा फोन बंद केला.

"होडीवर! माझ्या होडीवर लांब कानवाल्याचं नाव घेतो!"

"अरे, त्याला काय माहीत?" त्याची बायको स्वाझिग म्हणाली. "त्यांच्याकडे नाही पाळत असले अपशकुन."

"मग त्यांच्याकडेच बोलावं! पोरीला इथला एखादा कोळी मिळाला नाही का?"

"मिळाले होते दोघं-तिघं. तुझ्या तोंडाला घाबरून पळाले."

तो काही हसला नाही. होडीवरून उतरला, धक्क्यावरच्या बारमध्ये जाऊन सावकाश कॉफी प्यायला आणि आत्ताच दिवस उजाडल्यासारखा उजवा पाय पुढे टाकून पुन्हा चढला. यात चांगला अर्धा तास गेला. राझच्या खिंडीत, टोकाच्या खडकांच्या आणि बेटाच्या मधल्या चिंचोळ्या समुद्रात, भरती संपून ओहोटी लागायच्या मधे पाणी जरा वेळ स्वस्थ असतं. तेवढ्यात पलीकडे निसटायचं. चुकलं की ओहोटी दक्षिणेला धावत सुटते, नैर्ऋत्येचा वारा तिला समोरून भिडतो आणि पाणी उभं राहतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि आयुष्यभर दुआर्नेनेत पाव भाजून रोज संध्याकाळी समुद्राकडे तोंड करून बसलेल्या गुलवेनला तर चांगलंच ठाऊक होतं. पण अपशकुन घेऊन निघण्यापेक्षा उशीर परवडला, असा त्याचा हिशोब.

एरवी स्वाझिगने त्याला फाडून खाल्लं असतं. आज ती गप्प राहिली, कारण तिचा जीव दुसरीकडेच अडकला होता. गुलवेन नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाशी, गुडघे टेकून नांगर बांधत होता. ती सुकाणूपाशी बसून त्याच्या पाठीकडे बघत होती.

लग्न झाल्यापासून वाटणी ठरलेली. नांगर त्याचा, सुकाणू तिचं. तिने कधी नांगराला हात लावला नाही आणि त्याने कधी तिच्या सुकाणूबद्दल ब्र काढला नाही. घरातल्या इतर सगळ्या गोष्टींवरून त्यांची भांडणं झाली, यावरून कधीच नाही.

मग गेल्या शरद ऋतूत तो नांगराची खिळी बसवायला विसरला. घरच्याच उपसागरात, ताटातल्यासारख्या संथ पाण्यात, नांगर खडखड करत आपला आपण खाली गेला. नुकसान काही झालं नाही. पण लेक माइवेन नेमकी होडीवर होती. ती म्हणाली, "बाबा, पुन्हा एकदा असं झालं की होडी विकायची. कबूल?" जन्मात कुणाचं काही कबूल न केलेला गुलवेन खाली मान घालून म्हणाला, "कबूल." नांगरापेक्षा त्या ‘कबूल’नेच स्वाझिग जास्त घाबरली होती. हिवाळ्यात त्याने एकदा गॅस चालू ठेवला. एकदा शेजाऱ्याच्या कुत्र्याला, आपल्या कधीच मेलेल्या कुत्र्याच्या नावाने, हाक मारत राहिला. डॉक्टर म्हणाले, वय आहे, लक्ष ठेवा.

तिने लक्ष ठेवलं. लक्ष कसलं, पाळतच. तो नाळेवरून परत आला की ती काहीतरी निमित्त काढून पुढे जायची आणि त्याची गाठ तपासायची. दोनदा दोरी नुसतीच गुंडाळलेली सापडली, गाठच नव्हती. तिने मुकाट्याने बांधली आणि कुणाला सांगितलं नाही. गुलवेन मात्र खुलत चालला होता. "बघ, एकदाही घोटाळा नाही," तो म्हणायचा. "उगाच घाबरलो होतो आपण." ती हो हो म्हणायची आणि रात्र रात्र छताकडे बघत पडायची.

होडी निघाली. तास-दीड तास सगळं सुरळीत चाललं. गुलवेन कॉफी करायला खाली गेला. तिने ऑटोपायलट लावला आणि संधी साधून पुढे गेली. आज दोरी बांधलेली होती, पण गाठ भलतीच, तिने कधी न पाहिलेली. नांगरही जरा ढिला वाटला. आणखी आत ओढून, खिळी नीट बसवून आपली साधी गाठ मारावी म्हणून तिने दोरी सोडली आणि खिळी उपसली.

"स्वाझिग! खेकड्याच्या सापळ्याचा बोया! सरळ त्याच्यावरच चाललीयेस, झोपलीस काय?" गुलवेन खालच्या दारातून ओरडला.

बोयाची दोरी पंख्यात अडकली तर राझच्या तोंडाशी इंजिन बंद. ती धडपडत मागे पळाली, सुकाणू ओढलं, बोया हातभर अंतरावरून गेला. मग तो कॉफी घेऊन वर आला, खारं लोणी लावलेला पाव आला, जावयाच्या नावाने पुन्हा शिमगा झाला.

खिंड आली तेव्हा पाणी फिरलेलं होतं. उजवीकडे सेन बेट, डावीकडे टोकाच्या खडकांवर ‘म्हातारी’ नावाचा दीपस्तंभ, आणि मधे पाणी चुलीवरच्या दुधासारखं वर येत होतं. लाटांमधे अंतरच नव्हतं. ‘बेर्निक’ने एक चढली आणि दुसरीत तोंड खुपसलं.

धाड.

आवाज पुढून आला. पुन्हा नाळ बुडाली, पुन्हा धाड. नांगर नाळेवरच्या रुळावरून उचलला जाऊन होडीच्या फायबरच्या अंगावर आदळत होता.

विसरला, स्वाझिगला वाटलं. आज, इथे, विसरला. साखळीचा रहाट निसटला तर नांगर तळाला जाऊन धरणार आणि असल्या प्रवाहात होडी नाकाने जखडली जाणार. मग एकच लाट पुरे.

गुलवेन नाळेकडे बघत उठला. "मी बांधला होता," तो म्हणाला. "बांधला होता ना गं मी?"

"पट्टा अडकव आधी!" ती ओरडली. "थांब, मी जाते!"

"नांगर माझा आहे."

तो कंबरेचा पट्टा होडीच्या कडेने ताणलेल्या दोरीला अडकवून रांगत पुढे गेला. लाट त्याच्या अंगावरून गेली आणि क्षणभर तिथे माणूसच दिसेना. पुन्हा दिसला, पोटावर पालथा, दोन्ही हातांनी नांगराच्या दांड्याला मिठी मारलेला. ती सुकाणूने जमेल तितकी नाळ वर ठेवत होती आणि मनात सेंत आनला साकडं घालत होती, जिच्या जत्रेला ती कित्येक वर्षांत फिरकली नव्हती. मग तिने पाहिलं, तो कठड्याच्या खांबाला गुंडाळलेली दोरी ओढून घेतोय. ती कुणी गुंडाळली?

तिनेच. घाईघाईत, बोया बोया ओरडणं ऐकत. आणि खिळी अजून तिच्या कोटाच्या खिशात होती.

तिने सुकाणू न सोडता खिसा चाचपला.

तो परतला तेव्हा कपाळावर खोक पडली होती. ‘म्हातारी’ मागे पडली. लाटा हळूहळू बसल्या आणि पुढे ओदिएर्नचा उपसागर उन्हात पसरलेला दिसला. गुलवेन येऊन तिच्यासमोर बसला.

"खिळीच नव्हती," तो म्हणाला. "मला लख्ख आठवतंय बसवलेली. विसरलो असतो तर निदान रिकामं तरी आठवलं असतं. हे तर न केलेलं आठवतंय गं. याचीच भीती वाटते." त्याने फोन काढला. "माइवेनला सांगतो. माझा शब्द होता. विकू या होडी."

तिला फक्त गप्प बसायचं होतं. होडी गेली असती, पाळत संपली असती, रात्री झोप लागली असती. लेकही सुटली असती. आणि खोटं एक अक्षरही बोलायला लागणार नव्हतं. तिला ते हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं, आणि याचीच तिला शरम वाटली.

तिने खिशातून खिळी काढून त्याच्यासमोर ठेवली.

"तू बसवली होतीस. मी काढली. तुझी गाठ सोडली, माझी मारणार होते, तेवढ्यात बोया आला."

त्याने फोन खाली ठेवला.

"तू नाळेवर कशाला गेली होतीस?"

"बघायला."

"आजच?"

"शरदापासून. दर वेळी."

त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "माझ्या पाठीमागे? मी वळलो की लगेच? शाळेतलं पोर आहे मी?" तो इतका मोठ्याने ओरडला की पाण्यावर बसलेले पक्षी उडाले. "अगं, मी मघाशी मरत होतो तिकडे! आणि वाटत होतं की हे मीच केलंय!"

"हो," ती म्हणाली आणि रडू लागली. "चुकलं माझं."

त्याने खिळी उचलून हातात फिरवली आणि हळू आवाजात विचारलं, "आणि याआधी? कितीदा सुटी सापडली?"

एकदाही नाही, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. आज तरी त्याला तेवढं द्यावं असं वाटलं.

"दोनदा," ती म्हणाली.

"दोनदा." त्याने डोळे मिटले. "आणि मी हिवाळाभर तुला सांगत होतो, बघ कसा बरा होतोय."

सेंत-एवेतच्या बंदराकडे जाताना तिने त्याच्या कपाळाला पट्टी लावली, त्याने लावू दिली. बंधाऱ्याच्या आडोशाला पाणी संथ होतं. सवयीप्रमाणे तिने होडी वाऱ्याकडे वळवली आणि तो उठायची वाट पाहू लागली. तो उठला नाही.

"गुलवेन, नांगर."

"ऐकलं."

"मग?"

"एकटा नाही जाणार." त्याने हात लांब करून इंजिन न्यूट्रलला टाकलं. "माइवेनला संध्याकाळी सांगू. दोनदाचंही सांगू आणि आजचंही. आत्ता चल माझ्याबरोबर. बघायचंच असेल तर माझ्या तोंडासमोर बघ."

"आणि सुकाणू?"

"ते कुठे पळून जातंय? आडोशाला वाऱ्याला जोर नाही की लाट नाही."

दोघं पुढे गेली. ओला नांगर रुळावर पडला होता, खिंडीत खिळी नसल्यामुळे त्याने दोरीचे नुसते वेढ्यावर वेढे दिले होते. वाटेत तिने खिळीही पुन्हा बसवली होती. तो गुडघे टेकून बसला, दोरीवर हात ठेवला आणि थांबला. हात दोरीवरून खिळीवर गेला, खिळीवरून परत दोरीवर. स्वाझिगचा हात आपोआप पुढे झाला. तिने तो मागे घेतला, पाठीशी घट्ट धरून ठेवला.

गुलवेनने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत नाळेवर त्याने तिला काही विचारलं नव्हतं.

"आधी काय गं?"

"दोरी," ती म्हणाली. "मग खिळी."

त्याने दोरी सोडली.