खोट सांगून दिलेली टोपली

मी एक वेताची टोपली बोलतेय. टोपलीनं बोलावं हे काहींना पटणार नाही. पण सांगण्यासारखं काहीही नसलेली कितीतरी माणसं दिवसभर बोलतात आणि आपण मान डोलावतो. तेव्हा माझंही थोडं ऐकून घ्यायला हरकत नसावी.

माझा जन्म गप्पांत झाला. मला विणणारी बाई सगळ्या कारागिरांची आत्या. सख्खं भाचरू तिला एकही नव्हतं, पण हुकूम अशा थाटात सोडायची की समोरच्याला आपण तिचे भाचेच आहोत अशी खात्री पटे. त्या दिवशी ती भिजवलेला वेत मांडीवर घेऊन दारात बसली होती आणि शेजारीण सुनेची गाऱ्हाणी सांगत होती. आता, टोपलीच्या उभ्या काड्या विषम घ्यायच्या असतात. मग आडवा वेत एकीच्या पुढून, दुसरीच्या मागून जातो आणि दर फेऱ्याला वीण आपोआप बदलते. सुनेनं न विचारता पडदे बदलले, इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा आत्या इतकी रंगली की एक काडी जास्त लागली आणि काड्या सम झाल्या.

"हात्तिच्या! आता उसवत कोण बसणार?" आत्या म्हणाली. मग दर फेऱ्याला एका ठिकाणी दोन काड्या एकदम ओलांडून तिनं वेळ मारून नेली. ही उडी दर फेऱ्याला थोडी पुढे सरके. त्यामुळे माझ्या बुडापासून काठापर्यंत, पोटाला वळसा घालत, एक तिरकी रेघ चढत गेली.

"पडद्यांपायी बिघडलीस गं," असं म्हणून तिनं मला कोपऱ्यात ठेवलं.

या कारागिरांचं वर्षातून एकदा प्रदर्शन भरतं. शेवटच्या दुपारी गिऱ्हाईक पांगलं की ते आपसांत वस्तू बदलून घेतात. नियम एकच: देताना वस्तूची खोट तोंडानं सांगायची. बाहेरच्या जगात लग्नं जमवतानासुद्धा हा नियम कुणी पाळत नाही. इथे मात्र तो मोडलेला मी पाहिला नाही. मातीची भांडी करणाऱ्या एका बाईनं आत्याला सुरई दिली. "धार गळते हिची, आत्या." आत्यानं मला पुढे केलं. "हिच्या बुडाशी मोजणी चुकलीय. सांगून ठेवते."

अशी मी माझ्या मालकिणीकडे आले.

तिच्या कामाच्या खोलीत एक चाक, एक भट्टी आणि पश्चिमेला एक खिडकी. मी तिथे आधी कांदे सांभाळले, मग चिंध्या, मग मांजर. मांजर स्वतःहून आलं आणि स्वतःहूनच गेलं; जाताना माझी दोन टोकं कुरतडून गेलं. तक्रार नाही. कुणाच्या तरी उपयोगी पडलो, एवढंच अनेकांना निरोपाच्या समारंभात ऐकायला मिळतं, तेही हार घातल्यावर.

मालकिणीचे हात चांगले होते, पण त्या वर्षी ते अडले. बरणी करायची, बघायची, मोडून गोळा करायची. "जुनीच आहे," म्हणायची. "मीच मला कंटाळलेय." तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं आणि नवऱ्यालाही सांगितलं होतं, या प्रदर्शनाला स्वतःचं नवं काही नेता आलं नाही तर चाक काढून टाकायचं. नवरा माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे एक स्कूटर होती आणि स्कूटरला छप्पर नव्हतं. संध्याकाळी दारात उभा राहून तो विचारायचा, "काय, आली का प्रेरणा? की अजून वाटेतच आहे?" आणि विचारता विचारता डोळ्यांनी खोलीची लांबीरुंदी मोजायचा.

मग एका दुपारी तिनं झाडलोट करताना मला खिडकीत आडवं ठेवलं, तोंड बाहेर करून. खाली फळीवर एक ओली बरणी सुकत होती. ऊन माझ्या तोंडातून आत शिरलं आणि पोटातल्या फटींतून पलीकडे पडलं. जिथे जिथे आत्यानं दोन काड्या ओलांडल्या होत्या, तिथली फट मोठी, तिथलं ऊनही जास्त. बरणीवर उजेडाच्या ठिपक्यांची तिरकी रेघ उमटली.

मालकीण केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिली. मग तिनं जुना कंगवा उचलला आणि त्याच्या दातानं ठिपक्यांमागून ओल्या मातीत टोचत निघाली. पण ऊन काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं. ते सरकलं, तिचा हात त्याच्या मागे धावला आणि गळ्यापाशी रेघ अशी लांबली, जणू कुणी झोपेतून उठून आळस दिला. माझी रेघ शिस्तीत चढते. तिची आधी शिस्तीत आणि मग ऐसपैस.

"चहा मिळेल का?" नवऱ्यानं दारातून विचारलं.

"नाही."

तो बरणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "स्कूटरचं बघू कुठेतरी," आणि चहा स्वतःच करायला गेला. त्या घरात असं पहिल्यांदाच घडलं.

प्रदर्शनाला तिनं तशा बऱ्याच बरण्या नेल्या. मधे कोंबायच्या चिंध्या माझ्यात होत्या, म्हणून मीही गेले. तिथे तिनं चिंध्या काढल्या, मला टेबलाखाली सारलं आणि कापड पुढे ओढलं. अंधारात मला सगळं ऐकू येत होतं.

"अहाहा! कुठून सुचलं हो हे?"

"असंच. सहज."

दुसरं गिऱ्हाईक, तोच प्रश्न. "सहज." दर वेळी तिचा आवाज आणखी बारीक होत होता. टाचा टेबलाखाली एकमेकींवर घासत होत्या. चाक वाचलं होतं. पण बरणीवरची रेघ खरंच आपली का, हे काही तिचं तिलाच ठरवता येईना.

आणि मग ओळखीचा आवाज आला. "दाखव गं, काय केलंस यंदा?"

बरणी टेबलावरून उचलली गेल्याचं कळलं. आत्यानं ती नक्कीच सगळीकडून फिरवली असणार, कारण पुढचं वाक्य यायला वेळ लागला.

"माझी टोपली कुठाय?"

मालकिणीनं कापड उचललं आणि मला वर काढलं. "आत्या, हिच्यावरूनच केलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. तुम्ही म्हणाल तर आत्ता सगळ्या बरण्या टेबलावरून काढते."

"काढून कुठे ठेवशील? हिच्यात मावणार नाहीत." आत्यानं माझ्या पोटावरून अंगठा फिरवला, मग बरणीवरून. "अगं, मी चुकले ती जागा उचललीस! अख्ख्या टोपलीत तेवढीच सापडली?"

"मला तीच आवडली."

आत्या हसत सुटली. शेजारच्या टेबलावरचा लाकूडकाम करणारा मान वळवून बघायला लागला.

"ऐक. घेतलीस त्याचा मला राग नाही. मीसुद्धा लोकांच्या भिंती, जाळ्या, विणलेले स्वेटर बघत बघतच शिकले. पण पलीकडून येताना 'सहज' ऐकलं, ते काही बरं वाटलं नाही. खोट सांगून द्यायला शिकलोय ना आपण? मग घेतलेलंही सांगावं. जीभ झिजते का?"

"नाही."

"आणि हे गळ्यापाशी लांबलंय, ते कुठून आणलंस? ते माझं नाही."

"ऊन सरकलं, आत्या. मी त्याच्यामागे गेले."

आत्यानं बरणी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. मग म्हणाली, "हे मी आता विणणार. चुकून नाही, मुद्दाम. चालेल?"

मालकीण रडली की हसली, ते मला नीट सांगता येणार नाही. दोन्हीला पदर लागला.

त्यानंतर कुणी विचारलं की ती मलाच वर उचलून दाखवायची: "हिच्यावरून. ही आत्यांनी विणलीय." लोकांचे चेहरे जरा उतरायचे. त्यांना स्वप्नात वगैरे सुचलेलं हवं असतं. टोपली म्हटलं की हिरमोड होतो. पण मालकिणीचा आवाज मात्र पुन्हा जाग्यावर आला.

आता मी म्हातारी झाले. बूड विरलंय, कांदे धरवत नाहीत. शेजारी आत्यानं मुद्दाम विणलेली टोपली असते, काठापाशी आळस देणारी. तिचा तोरा पाहण्यासारखा आहे, पण मी काही बोलत नाही, लहान आहे ती. आत्याच्या गप्पांची, त्या शेजारणीची आणि तिच्या सुनेनं बदललेल्या पडद्यांची मी फार ऋणी आहे. ते पडदे सासूला आवडले असते तर मी एक चांगली टोपली झाले असते आणि कुणी माझ्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नसतं.

परवा प्रदर्शनात कापड छापणारी एक मुलगी आली. बरण्यांकडे तिनं पाहिलंच नाही. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि पेनानं तळहातावर काहीतरी काढायला लागली.

"खुशाल घे," मालकीण म्हणाली. "पण खोट सांगून ठेवते. हिच्या बुडाशी मोजणी चुकलीय."

मुलीनं मला उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं.

"कुठाय खोट? मला तर दिसत नाही."

"तुझ्या हातावर बघ," मालकीण म्हणाली. "तीच काढतेयस."