पाण्यात जाणारा रस्ता

२००९ सालच्या एप्रिलमधली गोष्ट. टिप्टन फेरी रस्ता जिथे तलावाच्या पाण्यात शिरतो, तिथे ओलेटा सॅटरफील्डने आपला पिकअप ट्रक थांबवला आणि समोर आडवी बांधलेली साखळी बघत ती तशीच बसून राहिली. साखळी नवी होती, चकाकत होती. मधोमध ‘खाजगी’ अशी पाटी लोंबत होती.

रस्ता पाण्यात जातो याचं नॉक्सव्हिल शहराच्या आसपास कोणालाच नवल नव्हतं. धरण झालं तेव्हा खालची गावं बुडाली आणि वरचे रस्ते तसेच उरले. उतारावरून खाली यायचं, डांबर ओलं व्हायचं आणि मग दिसेनासं व्हायचं. ओलेटाच्या आईचं लहानपण त्या पाण्याखालच्या टिप्टनमध्ये गेलं होतं.

ओलेटा तेव्हा साठीच्या पुढे गेलेली. शाळेच्या खानावळीत जन्मभर पोरांना वाढून निवृत्त झालेली, अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. नवरा डॉइल जाऊन दोन वर्षं झाली होती. तो दर शनिवारी बास मासे पकडायला जायचा आणि संध्याकाळी तिने कुठे गेला होतास म्हणून विचारलं की ‘पाण्यावर’ एवढंच म्हणायचा. सगळ्या संसारभर तेच उत्तर. शेवटच्या वर्षी त्याच्याच्याने वल्हं उचलेना, तेव्हा कुठे तो तिला इथे घेऊन आला, तेही नाव वल्हवायला. ती वल्हवत गेली आणि बघत गेली. तो गेल्यावर तिने स्वतःसाठी एक जुनी, पिवळी, प्लास्टिकची कयाक घेतली, एकट्याने वल्हवायची अरुंद होडी. ‘मम्मा, या वयात?’ असं मुलगी फोनवर म्हणाली. ओलेटाने फोन ठेवला आणि ट्रकवर कयाक बांधायला शिकली.

बाजूच्या विटांच्या नव्या घरातून कॉफीचा कप हातात घेऊन एक गृहस्थ खाली आले. व्हिटलॉक त्यांचं नाव. अटलांटात विम्याच्या धंद्यात होते, आता तलावाकाठी राहायला आलेले. माणूस वाईट नव्हता. पोरं रात्री येऊन बाटल्या फोडतात, कचरा टाकतात, म्हणून शेजाऱ्यांनी मिळून साखळी लावली, असं त्यांनी समजावून सांगितलं. शिवाय पुढच्या महिन्यात काउंटी, म्हणजे तिथलं जिल्ह्याचं सरकार, हा रस्ता आपल्याकडून सोडूनच देणार होती. सभा होऊन मतदान झालं, की जमीन घरमालकांची.

“चौकशी झालीय, मॅडम,” ते म्हणाले. “हा रस्ता कोणी वापरत नाही.”

“मी वापरते.”

“तुम्ही एकट्या.”

“म्हणजे मी कोणी नाही?”

ओलेटाने ट्रकवरून कयाक उतरवली, व्हिटलॉकच्या देखत साखळीखालून सरकवली, मग स्वतः गुडघ्यावर हात टेकत वाकली आणि पलीकडे गेली.

ती जागा तिला सोडवणार नव्हती. तलावाचा मोठा धक्का पलीकडच्या तीरावर होता. तिथे उघडं पाणी, वारा, आणि वेगाने जाणाऱ्या मोटरबोटींच्या लाटा. कयाकवाल्याने तिथे उतरायचं म्हणजे जिवावरचा खेळ. टिप्टनचा फाटा, म्हणजे तलावाचा आत शिरलेला चिंचोळा भाग, मात्र डोंगराच्या कुशीत होता. बुडालेल्या झाडांचे खुंट पाण्यात जागोजागी उभे, त्यामुळे मोटरबोट आत शिरायची नाही. जुन्या रस्त्याच्या कडेने पाणी एकदम खोल व्हायचं आणि त्या कडेला बास रांगेत दबा धरून असायचे. नवशिक्या माणसाने बुडण्याची भीती न बाळगता पहिला मासा पकडावा, तर शहराच्या आसपास अशी दुसरी जागा नव्हती. रस्ता गेला की ती जागा गेली, आणि ओलेटाचं पाणीही गेलं.

चौकशी कोणी केली, हे शोधायला ती गळ-आमिषाच्या दुकानात गेली. तिथे तिचा धाकटा दीर लमार आणि डॉइलचे जुने सोबती रोज सकाळी सॉसेज घातलेले मऊ पाव खात बसायचे. विचारल्यावर कोणी तिच्याकडे बघेना. दुकानदारानेच हसत हसत सांगून टाकलं. हिवाळ्यात काउंटीचा एक कारकून आला होता. टिप्टन फेरी रस्त्याने कोण जातं, असं त्याने या मंडळींनाच विचारलं होतं. आणि या मंडळींनी, त्यातला एकूण एक जण तिथे जाणारा, एका आवाजात सांगितलं होतं की तिथे कुत्रंसुद्धा जात नाही, मासाच नाही तर जाणार कशाला. जागा विचारली की खोटं बोलायचं, ही त्यांची जन्माची सवय. सवयीने ते बोलून गेले आणि कारकुनाने ते लिहून घेतलं.

“मग आता सभेत जाऊन खरं सांग,” ओलेटा म्हणाली.

लमार उठून तिला बाहेर घेऊन आला. खरं सांगितलं तर उद्या निम्मं नॉक्सव्हिल तिथे येऊन पडेल, दोन-तीन वर्षांत मोठे मासे संपतील, असं तो म्हणाला. साखळी लागली तर लागू दे, आपण कुठून तरी आत जाऊच.

“तू जाशील कुंपणावरून उडी मारून. मी कयाक घेऊन कुठून उडी मारू?”

“डॉइलने कधी कोणाला सांगितली नाही ती जागा. त्याला काय वाटलं असतं?”

“डॉइलला जे वाटायचं होतं ते जन्मभर वाटून झालं, लमार. आता मला वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच्या हाताने जाहिरात लिहिली. ज्यांनी कधी गळ धरला नाही त्यांनी शनिवारी सकाळी यावं, कयाकमधून बास पकडायला फुकट शिकवलं जाईल. खाली टिप्टन फेरी रस्त्याचा नकाशा, आणि मासे कुठे असतात तिथे ठळक फुल्या. ती चर्चमध्ये लावली, किराणा दुकानात लावली, धुलाईच्या दुकानात लावली. गळवाल्या दुकानातली लमारने फाडली. तिने दुसरी लावली. तीही त्याने फाडली, तेव्हा तिने तिसरी आणून त्याच्या ट्रकच्या काचेवर चिकटवली.

पहिल्या शनिवारी मोजकीच माणसं आली. त्यांत डेनीस नावाची, किराणा दुकानात गल्ल्यावर बसणारी तिशीची बाई होती. पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते, आणि आपण का आलो तेही कळत नाही, असं तिने आल्या आल्या सांगितलं. ओलेटाने तिच्या लाईफ जॅकेटचे पट्टे स्वतः आवळले. उसन्या जमवलेल्या सगळ्या कयाका साखळीखालून पलीकडे गेल्या.

व्हिटलॉकनी पोलिसांना बोलावलं होतं. आलेला शिपाई ट्रॅव्हिस हा ओलेटाच्या हातचं जेवून मोठा झालेला. तो साखळीपाशी उभा राहून टोपी मागेपुढे करायला लागला.

“मिस ओलेटा, तुम्ही निघालात तर बरं होईल.”

“मतदान झालंय का?”

“नाही.”

“मग रस्ता कोणाचा?”

“तसा... अजून लोकांचाच.”

“मग ही साखळी इथं काय करतेय? भेंडी रुमालात लपवायचास तेव्हासुद्धा असाच उभा राहायचास तू.”

ट्रॅव्हिस लाल झाला. त्याने व्हिटलॉकशी हळू आवाजात काहीतरी बोलणं केलं आणि शेवटी दोघांनी मिळून साखळी सोडली. ओलेटाने मागे वळूनही पाहिलं नाही. ती पाण्यावर होती.

कयाकचं तोंड वाऱ्याकडे ठेवा, उभं राहू नका, रबरी गांडूळ खुंटाच्या पलीकडे टाका आणि तळाला जाऊ द्या, घाई करू नका, असं ती सांगत होती. डेनीसची दोरी दोनदा फांदीत अडकली. तिसऱ्यांदा अडकली म्हणून ती सोडवायला ओढू लागली, तर फांदीच तिला ओढायला लागली. कयाक गरकन फिरली. ओलेटा जवळ आली, पण हात लावला नाही. बाईने एकटीने मासा वर आणला, हातभर लांब, हिरवा, जबडा वासलेला. डेनीस रडत होती की हसत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ओलेटाने खालच्या जबड्यात अंगठा घालून मासा कसा धरायचा ते दाखवलं आणि मग सोडायला सांगितलं. डेनीसने त्याला पाण्यात धरलं आणि तो आपण होऊन जाईपर्यंत हात काढला नाही.

पुढच्या शनिवारी डेनीस दोघींना घेऊन आली. त्यापुढच्या शनिवारी ट्रक लावायला जागा पुरेना.

सभेच्या दिवशी दालन भरलं होतं. नवशिके सगळे पुढे बसले होते. दुकानातली जुनी मंडळी शेवटच्या रांगेत, नुसतीच बघायला म्हणून. व्हिटलॉक नेटकं बोलले. कचऱ्याचं खरं तेच बोलले. मग अध्यक्षबाईंनी चौकशीचा अहवाल वाचून दाखवला. स्थानिक मासेमारांच्या म्हणण्यानुसार रस्ता वापरात नाही.

ओलेटा उठली. “ते स्थानिक मागच्या रांगेत बसलेत. त्यांनाच विचारा.”

बाईंनी लमारला उभं केलं. सगळं दालन मागे वळलं. लमार मोठ्या मुश्किलीने उभा राहिला.

“टिप्टनच्या फाट्यात मासे आहेत का, मिस्टर सॅटरफील्ड?”

“एकही नाही.”

“तुम्ही तिथं शेवटचं कधी गेला होतात?”

लमारने ओलेटाकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

“मंगळवारी,” तो म्हणाला.

“आणि त्याआधी?”

“त्याआधीच्या मंगळवारी.”

दालन हसलं. लमार हसला नाही. तो टोपी घालून निघून गेला, मतदानालाही थांबला नाही. रस्ता लोकांचाच राहिला.

लमार म्हणाला होता तसंच झालं. तीन उन्हाळ्यांत फाट्यातले मोठे मासे संपले. राहिले ते वीतभर लांबीचे, नवशिक्यांना पुरेसे. त्याने दुसरी कुठलीशी जागा धरली आणि ती कोणालाही न सांगता २०१६ मध्ये गेला. शेवटच्या आजारात ओलेटा त्याला मक्याची भाकरी आणि घेवडा नेऊन द्यायची. त्या विषयावर दोघं कधी बोलली नाहीत. व्हिटलॉकनी रस्त्याच्या बाजूने देवदारांची दाट रांग लावली. झाडं उंच झाल्यावर त्यांची तक्रार आपोआप थांबली. ट्रॅव्हिस पोलिसातली नोकरी सोडून ट्रक चालवतो. डेनीसने पुढे लग्न केलं, ती चॅटनूगाला गेली आणि मासेमारी सुटली. पण पोहायला ती शिकली, आणि तिच्या दोन्ही मुलीही.

ओलेटाचे गुडघे आता कयाकमध्ये बसू देत नाहीत. कयाक तिने देऊन टाकली. तरी उन्हाळ्यातल्या शनिवारी कोणीतरी तिला गाडीतून रस्त्याच्या टोकाशी आणून सोडतं. डांबर जिथे पाण्यात शिरतं तिथे, अगदी मधोमध, ती आपली घडीची खुर्ची मांडते. मागून नवी माणसं येतात, डोक्यावर कयाका घेतलेली, अनोळखी, घाईत. खुर्ची बाजूला घ्या असं तिला कोणी म्हणत नाही. माणसं वळसा घालून पाण्यात उतरतात.