यादीत नसलेलं नातं

सासरे सकाळी साडेनऊला गेले. नवरा बोटीवर इंजिनियर, त्याची बोट किनाऱ्याला लागायलाच पाच दिवस होते. तेव्हा इस्पितळाच्या खिडकीपाशी कागद घेऊन उभी राहिली ती सूनच.

कारकून बाईंनी स्क्रीन जरा तिरका केला. नाव, जन्मतारीख, पत्ता, जवळची व्यक्ती. रकान्यांचा तो क्रम तिनंच लावला होता, अकरा वर्षांपूर्वी, एका वाचनालयाचा डेटाबेस बांधताना. माणसांची माहिती ठेवणारा तो भाग इतका नेटका उतरला, की ऑफिसात सगळे त्याला 'साचा' म्हणायला लागले. नवं काम आलं की साचा उचलायचा, बसवायचा. दोन आठवड्यांचं काम दुपारपर्यंत हातावेगळं. शाळा, दवाखाने, व्यायामशाळा, आणि कधीतरी हे इस्पितळही.

"मृताशी नातं?"

"सून."

बाईंनी यादी वर-खाली केली. "सून नाहीये हो यात. 'इतर' टाकते." मग लाल ओळ उमटली. "'इतर'ची सही चालत नाही म्हणतंय. मुलगा कुठाय त्यांचा?"

"बोटीवर."

"मग तो येईपर्यंत बॉडी ताब्यात देता येणार नाही, ताई. सिस्टिमच घेत नाही."

वाचनालयात मुलांच्या कार्डावर भलत्याच कुणी सही करू नये, म्हणून ग्रंथपालांनी तो नियम मागून घेतला होता. साच्याबरोबर तो न विचारता इथवर आला होता. तिला राग यायला हवा होता, निदान लाज तरी. काहीच आलं नाही. लाल ओळ जरा डावीकडे सरकलीय, एवढं मात्र दिसलं.

बाईंनी आवाज खाली आणला. "मुलगी टाकू का? कोण बघतंय?"

सहा वर्षं तिनं सासऱ्यांची नखं कापली होती, पेपर मोठ्यानं वाचून दाखवला होता. ते तिला 'सूनबाई' म्हणायचे, भांडतानासुद्धा.

"नको. सूनच आहे मी."

ती अधीक्षकांच्या खोलीत गेली. "'इतर'ची सही नको, हा नियम तुमचा आहे का?"

"आमचा?" ते गोंधळले. "आम्हाला वाटलं, सिस्टिमचा आहे."

तिनं सगळं सांगितलं. नियम काढायला हरकत नाही, असं त्यांनी तिथल्या तिथं लिहून दिलं. बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन तिनं यादीत 'सून' आणि 'जावई' घातले, नियम फक्त वाचनालयापुरता ठेवला आणि ऑफिसातल्या सहकाऱ्याला तपासायला फोन केला.

"आज तू कामावर कशी?" तो म्हणाला. "घरी जा ना."

"आधी तपास."

बराच वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. "बरोबर आहे. पण सत्तेचाळीस ठिकाणी साचा बसलाय. यादी सगळीकडे बदलेल."

"बदलू दे."

"एकेक वेगळं बांधलं असतं तर महिना गेला असता," तो म्हणाला. "सॉरी. सासरे चांगले होते गं."

"हो."

दोनला दहा कमी असताना बाईंनी यादी पुन्हा उघडली. "अरेच्चा, आली की सून!" त्या म्हणाल्या आणि ओशाळल्या. तिनं सही केली. सही नेहमीसारखीच आली.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. आवाज तुटत होता.

"झालं सगळं?"

"झालं."

"रडलीस का?"

"नाही अजून."

साडेसात वाजले तशी ती सवयीनं गोळ्यांसाठी पाणी घेऊन सासऱ्यांच्या खोलीत गेली. थोडा वेळ उभी राहिली, आणि ते पाणी तिनंच पिऊन टाकलं.