पितळेच्या डब्यातला फोन

दंडावरचं ते बटण ओल्या पदराखाली गार लागत होतं — बटणच म्हणायची ती ट्रान्समीटरला, रुपयाएवढं, त्वचेखालच्या बारीक तारेवरून रक्तातल्या साखरेचा आकडा घेऊन दर पाच मिनिटांनी फोनला कळवणारं... आणि आकडा फार उतरला की वाजणारा फोन किती शांत होता.

शांभवीचा वडा थापणारा हात थांबला. आज बाबांचं श्राद्ध. ब्राह्मण जेवेपर्यंत घरात कुणी काही खायचं नाही, आणि तिरुवैयारुहून निघालेले शास्त्री उशिरा पोचले होते. गेल्या वर्षी ती इथेच, शेगडीपुढे साखर उतरून कोसळली होती — पायस जमिनीवर, सगळा स्वयंपाक पुन्हा. यंदा वसुमतीआत्यानं सोवळ्यात घेतलं ते या बटणाच्या भरवशावर. "पुन्हा पडलीस तर दरवर्षी हॉलमध्येच बसायचं, कण्णा, बाळ." फोन सोवळ्यात आणायची तोडही आत्याचीच: धुतल्या धातूला विटाळ नाही, म्हणून फोन पितळेच्या डब्यात, वर घट्ट झाकण. आणि मी हसून हो म्हटलं — धातूच्या पेटीत लहरी शिरत नाहीत हे प्रयोगशाळेत स्वतः करून पाहिलेली मी! शांतता म्हणजे सगळं ठीक, असं धरून चालले...

बोटं थरथरत होती. शेगडीच्या धगीनं, असं मघापासून ती स्वतःला सांगत होती. सांगावं तर हॉल. न सांगावं तर —

"आत्या, डब्यातल्या फोनला बटणाचं ऐकू येत नाही. पितळेतून लहरी जात नाहीत."

"अय्यो! आणि इतका वेळ वडे थापतेस? एम.एस्सी. म्हणे!" आत्या उठली, पेटीतून बाबांचा लाल रेशमी कद काढला. "यातून जातात?"

"जातात."

"मग झालं. रेशमालाही विटाळ नाही."

डबा उघडून कदात धरलेला फोन आत्यानं समोर आणला. आलेखाची रेघ मध्येच तुटलेली. क्षणभर काहीच नाही... मग त्या रिकाम्या जागेत ठिपके उमटले, एकामागून एक, उतरत्या ओळीत. कुणी ऐकत नसतानाही बटणानं सगळं जपून ठेवलं होतं.

वर्षभर आत्या विचारायची, बरं वाटतंय न? आणि ती हो म्हणायची. आज आत्यानं विचारलं, "किती?"

"चौऱ्याहत्तर. उतरतेय. सत्तरखाली धोका."

बाहेर श्राद्धाला बसलेल्या काकाचे मंत्र चालूच होते. आत्या पायसासाठी फोडलेल्या गुळाकडे पाहत राहिली. अजून नैवेद्य व्हायचा होता. ती काय म्हणेल, शांभवीला ठाऊक नव्हतं. पण आकडा मोठ्यानं बोलून झाला होता. तिनं पिठाचा हात पुसला, आणि गुळासाठी तळवा पुढे केला.