भट्टीतले फावडे आणि दारावरची पाटी

मी एक जुने फावडे आहे. माती उकरणारे नव्हे. बेकरीच्या भट्टीत पाव सरकवणारे आणि भाजले की बाहेर ओढणारे, लांब दांड्याचे लाकडी फावडे. मेक्सिकोतल्या एका डोंगरी गावात माझा जन्म गेला. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी स्वभावाने मत्सरी आहे.

सुताराने एकाच फळीचे दोन तुकडे केले. एकाचे मी झाले आणि दुसऱ्याची दारावरची पाटी. तिच्यावर लाल अक्षरांत ‘फिदेन्सियोची बेकरी’ असे रंगवले, आणि मला थेट आगीत ढकलले. दर जत्रेला पाटीला नवा रंग मिळे, कागदी पताका मिळत. मी काळे पडत गेले. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

माझे एकच सुख होते, होविताचे हात. ती फिदेन्सियोची बायको. पहाटे ती मला उचलून म्हणायची, “चल गड्या, लागू कामाला!” मग माझ्या टोकाने भट्टीच्या तोंडाशी हवेत क्रूस काढायची आणि मगच पहिले पाव आत सारायची. क्रूस न काढलेल्या भट्टीचा पाव आमच्या गावात कुणी तोंडात घालत नाही. फिदेन्सियो गल्ल्यावर बसून गरम चॉकलेट पीत असे.

लोक होविताच्या पावांची तारीफ करत आणि जाताना वर पाटीकडे बघत. मी आतून धुमसत राहायचे.

पुढे फिदेन्सियोचे शहरातल्या एका बाईवर मन जडले. त्याला घटस्फोट हवा होता आणि बेकरी विकायची होती.

“पाटीवर नाव कुणाचं आहे?” तो म्हणाला. “तू आपली हाताखाली होतीस, एवढंच.”

“आणि भट्टीपाशी कोण उभं राहिलं रे इतकी वर्षं?”

“ते कायद्याला विचार.”

जुना कायदा त्याच्याच बाजूचा होता. होविता माझ्या दांड्यावर कपाळ टेकून रडली. पण त्याच वर्षी आमच्या राज्याच्या विधानसभेने कायदा बदलला. नवरा-बायकोपैकी ज्याने धंद्यात वर्षानुवर्षे राबून काम केले, त्याचे नाव कुठेही नसले तरी अर्धा धंदा त्याचा. तेव्हा फिदेन्सियोने कोर्टात ठोकून दिले, “ती भट्टीपाशी फिरकतसुद्धा नव्हती. पाव मीच भाजायचो.”

खरेखोटे बघायला न्यायाधीशबाई स्वतःच एका सकाळी बेकरीत आल्या. गिऱ्हाइकांची रांग लागलेलीच होती.

“दाखवा बरं, कसे भाजता ते,” बाई म्हणाल्या.

फिदेन्सियोने मला उचलले. त्याच्या हातांना अत्तराचा वास येत होता. त्याने माझ्यावर पाव मांडले आणि सरळ भट्टीत सारले.

 रांगेतल्या म्हाताऱ्या रेमेदिओस आजी कडाडल्या, “अरे मेल्या, क्रूस कोण काढणार? तुझा बाप?”

“कसला क्रूस?” न्यायाधीशबाईंनी विचारले.

“बाईसाहेब, क्रूस काढल्याशिवाय इथं पहिला पाव आत जात नाही. शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!”

“घाईत विसरलो,” फिदेन्सियो पुटपुटला.

“गल्ल्याची किल्ली बरी कधी विसरला नाहीस!” आजींनी टोला हाणला.

सगळी रांग खो खो हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी होविताला पुढे बोलावले. तिने मला हातात घेतले आणि तिचा हात आपोआप क्रूस काढून गेला.

वाटणी झाली. भट्टी आणि दुकान होविताकडे आले. गाडी, शहरातली जागा आणि पाटी फिदेन्सियोने नेली. पाटी गाडीत पालथी पडलेली बघून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लाज मुळीच वाटली नाही.

दार ओके-बोके दिसू लागले. रंगारी नवी फळी घेऊन आला, तर होविता मला पुढे करत म्हणाली, “फळी कशाला? याच्यावरच लिही. यानं माझ्याबरोबर चटके सोसलेत.”

माझ्या पात्यावर लाल अक्षरांत ‘होविता’ उमटले. मला दारावर टांगले, पताका लावल्या. जन्मभर जिचा हेवा केला, तिची जागा मला मिळाली!

दुसऱ्या दिवशी पहाटे आतून आवाज आला, “चल गड्या, लागू कामाला!”

मी दचकून जागे झाले. पण ती मला म्हणत नव्हती. तिच्या हातात एक कोरे, पांढरे फावडे होते.

मित्रांनो, पाटीवरचे नाव खुशाल वाचा, पण आत डोकावून दांडा कुणाच्या हातात आहे तेही बघा. आणि कधी इकडे आलात, माझा रंग उडालेला दिसला, तर रंगाऱ्याला बोलावू नका. मला खाली उतरवा आणि एकदा, फक्त एकदा, तिच्या हातात द्या.