टिल्लीला काय हवं होतं

ऑस्ट्रेलियात ओरोरू गावाच्या पलीकडच्या मेंढ्यांच्या मुलुखात लॉर्नाला सगळे बिस्किटबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. एके काळी याच बाईच्या हातात कायम पाण्याच्या पाइपाचा तुकडा असायचा. कुत्र्याला वळण लावायचं तर पाइपानंच, हे तिला बापानं शिकवलेलं. आमच्याकडं सगळ्यांच्याच बापांनी तेच शिकवलं म्हणा. तिची कुत्री मेंढ्या वळायच्या स्पर्धा मारायची, लोक लांबलांबून आपली कुत्री तिच्याकडं आणून टाकायचे.

मग एका स्पर्धेत, तिचा लाडका डस्टी गळ्यात बक्षिसाची फीत घालून शेजारी उभा असताना, तिनं माशी हाकलायला हात वर केला. डस्टी जमिनीला चिकटला आणि भीतीनं तिथंच मुतला. लोकांनी टाळ्या पिटल्या, म्हणाले काय शिस्त आहे. लॉर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन तिनं पाइप कचऱ्यात फेकला, आणि पन्नाशीला टेकलेली ही बाई ॲडलेडला जाऊन, आंधळ्यांसाठी कुत्री तयार करणाऱ्या एकीच्या हाताखाली अगदी मुळापासून शिकली. परत आली ती कमरेला बिस्किटांची, खाऊची थैली लावून; आता कुत्र्याला मार नाही, नीट वागलं की खाऊ. गिऱ्हाईक निम्मं तुटलं, पण तिनं माघार घेतली नाही. मला तिचं कौतुक वाटतं ते याचंच.

मेंढ्यांच्या लोकरीच्या कातरणीचे दिवस जवळ आले तेव्हा शेजारच्या रानातला विल्फ नोस्के आपली टिल्ली घेऊन आला, मेंढ्या राखणाऱ्या केल्पी जातीची कुत्री. दोघं एका शाळेतले.

"काय गं बिस्किटबाई, ही घे. मेंढी दिसली की गाडीखाली घुसते. कातरणीपर्यंत कामाला लागली तर ठीक, नाहीतर गोळी घालणार. फुकट खाणारं तोंड मी पोसत नाही."

"मग तुला कोण पोसतंय इतकी वर्षं?" लॉर्ना म्हणाली. "ठेव इथं."

"डुक्कर करू नकोस म्हणजे झालं तिला खाऊ घालून."

पण टिल्लीनं बाईची पार जिरवली. अंगणात ती कलेजीचा तुकडा शहाण्यासारखा खायची, मेंढ्यांजवळ नेलं की तोच तुकडा तोंडात धरायची आणि हळूच टाकून द्यायची. लॉर्नानं चीज दिलं, भाजलेलं मटण दिलं, स्वतःच्या ताटातलंसुद्धा दिलं. टिल्ली तुकडा टाकायची आणि गाडीखाली जाऊन बसायची. कातरणी तोंडावर आली. आपली विद्या खोटी ठरली तर या मुक्या जिवाचा जीव जाणार, या विचारानं लॉर्नाचं जेवणावरून मन उडालं.

शेवटी वैतागून ती स्वतःच गाडीखाली वाकून बघायला लागली. टिल्ली थरथरत होती, पण नजर मेंढ्यांवरून हलत नव्हती. भुकेलं पोर पानाकडं बघतं तशी बघत होती.

"अगं बाई," लॉर्ना स्वतःशीच म्हणाली, "तुला मटण कशाला हवंय? तुला जितीजागती मेंढी हवीय."

थैली तिनं खांबाला टांगली. त्या दिवसापासून टिल्ली फाटकाजवळ शांत बसली की फाटक उघडायचं. बस्स, एवढंच बक्षीस. आधी ती चार पावलं जाऊन परत यायची. मग एके सकाळी लांबून वळसा घालून तिनं सगळा कळप अलगद फाटकाशी आणून उभा केला.

विल्फ आला, टिल्लीला फाटकाशी मेंढ्यांसमोर बसलेली बघून खूश झाला आणि सवयीनं ओरडला, "चल, ऊठ!" टिल्ली तिथंच सपाट झाली.

"बघ, म्हटलं नव्हतं? मेंढ्यांना भिते ही."

"तिला मेंढ्यांची भीती नाही वाटत, विल्फ. तुझी वाटते."

विल्फ लालबुंद झाला. गाडीकडं वळला, दारापर्यंत गेला.  मग दाराच्या मुठीवरचा हात त्यानं काढला आणि मागं वळला.

"मग मी काय करू?" त्यानं विचारलं.

"इथं ये. हात खिशात घाल आणि गप्प राहा."

जन्मात कधी गप्प न राहिलेला माणूस गप्प राहिला. पुष्कळ वेळानं टिल्लीनं डोकं उचललं, उठून बसली, त्याच्याकडं बघितलं. "फाटक उघड," लॉर्ना पुटपुटली. त्यानं उघडलं. टिल्ली सुटली, आणि तिनं कळप आणला तो थेट विल्फच्या बुटांपर्यंत.

"आता हिला काय देऊ? तुझ्या थैलीतलं काहीतरी दे की."

"काही नको. पुन्हा सोड."

त्यानं हलक्या आवाजात "जा" म्हटलं. असा आवाज त्याच्या गळ्यात आहे हे शाळेपासूनच्या ओळखीत लॉर्नाला कधी कळलं नव्हतं. टिल्ली वाऱ्यासारखी गेली.

"शाबास, विल्फ," लॉर्ना म्हणाली.

तो खाली मान घालून बुटानं माती उकरत राहिला, कान मात्र लाल झाले होते. टिल्ली कळप घेऊन परत आली तशी त्यानं घसा खाकरला.

"लॉर्ना," तो म्हणाला, "आणखी एकदा सोडू का गं?"