‘बेत’चं दर्शनी पान

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे. तुम्ही म्हणाल, वेबसाइटला कसलं आलंय आयुष्य! ना हाडं, ना कातडं. ती गंजत नाही, तिला वाळवी लागत नाही. खरं आहे. पण दुर्लक्षानं तीही खंगते, आणि मरायच्या आधीच लोक तिच्या नावानं हात जोडून मोकळे होतात. माझ्यावर ती पाळी आली होती, म्हणून सांगते.

माझा जन्म सोळा वर्षांपूर्वी एका गणिताच्या मास्तरांच्या घरी झाला. मास्तरांची थोरली बहीण शिवणकाम करायची. पुढची खोली तिची. खिडकीपाशी मशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीवर खिळ्याला अडकवलेले खाकी कागदाचे साचे. मागच्या खोलीत मास्तरांचा कॉम्प्युटर. सगळे त्या बहिणीला ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणते.

ताईंकडे एक पोस्टमन शर्ट शिवायला येत. तीस वर्षं एकाच खांद्यावर टपालाची पिशवी वागवून त्यांचा डावा खांदा उतरला होता. तयार शर्ट त्यांच्या अंगावर तिरपा लोंबे. ताई डाव्या-उजव्या अंगाची वेगळी मापं घेत, तरी दर वेळी दोनदा उसवावं लागे. ते पाहून मास्तरांनी एक प्रोग्रॅम लिहिला. त्याला माणसाची बावीस मापं सांगायची, की तो त्या एका माणसापुरता साचा काढून देई. घरच्या प्रिंटरवर कागद छापायचे, एकमेकांना चिकटवायचे, कापडावर ठेवून खडू फिरवायचा. त्या प्रोग्रॅमचं नाव ‘बेत’.

मास्तरांनी तो कुलपात ठेवला नाही. कुणीही फुकट घ्यावा, आतलं लिखाण, म्हणजे त्याचा कोड, उघडून बघावं, चुकलं असेल ते सुधारावं आणि सुधारलेलं पुन्हा सगळ्यांना द्यावं, असं त्यांनी जाहीर केलं. अशा प्रोग्रॅमला मुक्त प्रोग्रॅम म्हणतात. हळूहळू ठिकठिकाणची सात-आठ माणसं या कामाला येऊन मिळाली. त्यांत एक जहाजावरचा इंजिनिअर होता, एक औषधांच्या दुकानातली बाई होती, आणि बँकेतून निवृत्त झालेले एक काका होते.

या मंडळींना जमायला जागा हवी म्हणून मास्तरांनी एका रविवारी दुपारी, दोन तासांत, मला उभं केलं. रंग राखाडी. मधे वाकड्या रेषांचा एक आलेख. आणि वर माझं पहिलं वाक्य, ‘वक्ररेषांच्या समीकरणांवर आधारित मुक्त साचानिर्मिती प्रणाली’.

ताई चष्मा सावरत पडद्यापाशी आल्या.

“अरे, यात कपडा कुठाय?”

“आत आहे,” मास्तर म्हणाले.

“आणि आत जायचं कुठून?”

मास्तरांनी तळाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं दाखवली. ताई हसल्या आणि शिवायला निघून गेल्या. त्यांचं म्हणणं तेव्हाच ऐकलं असतं, तर पुढचं रामायण टळलं असतं.

पहिली काही वर्षं माझं बरं चाललं. गणितातली जाणकार माणसं येत, वाहवा करत. पण शिंपी येईनात. जे चुकून येत, ते माझं पहिलं वाक्य वाचून आल्या पावली परत जात. एखादा चिकाटीनं प्रश्नोत्तरांच्या पानापर्यंत पोचलाच, तर तिथे काका बसलेले. ‘कॉलर कशी जोडू?’ असं कुणी विचारलं, की काका उत्तर देत, ‘पुस्तिका वाचल्याशिवाय प्रश्न विचारू नयेत. पान ११४.’ ती तीनशे पानांची पुस्तिका काकांनी चार वर्षं खपून स्वतः लिहिली होती. माणूस मनानं सोन्यासारखा, पण जीभ कात्रीसारखी. विचारणारा पुन्हा तोंड दाखवत नसे.

‘बेत’ आतून सुधारत होता. दर महिन्याला त्यात काही नवं येई. माझ्याकडे मात्र कुणी पाहिलं नाही. माझ्यावरची ‘ताजी बातमी’ आठ वर्षांची शिळी झाली. मुक्त प्रोग्रॅमच्या एका यादीत कुणीतरी लिहिलं, ‘बेत. एके काळी चांगला. आता बंद.’ मित्रांनो, त्याच आठवड्यात ‘बेत’ नवी पँट बेतायला शिकला होता! आत घर गजबजलेलं, पण उंबऱ्यावरची धूळ पाहून लोक घर ओस पडलंय असं समजले. मला फार लाजल्यासारखं झालं, पण स्वतःचं तोंड स्वतः धुण्याची सोय मला नाही.

एका शनिवारी संध्याकाळी मंडळींची पडद्यावर बैठक भरली. औषधवाल्या बाईंनी विचारलं, “महिन्याला किती जण ‘बेत’ उतरवून घेतात?”

“अकरा,” मास्तर म्हणाले. “त्यातले आठ आपणच.”

कुणी हसलं नाही. मास्तरांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “कुणाला नकोच असेल, तर आपण हे कुणासाठी करतोय? महिनाअखेर थांबवू.”

आवराआवर सुरू झाली. माझ्यावर ‘संपर्क’ नावाचा एक रकाना होता. तिथे लिहिलेली पत्रं एका पेटीत जाऊन पडत, आणि ती पेटी उघडायची आहे हे सगळेच विसरले होते. बंद करायच्या आधी मास्तरांनी ती उघडली. आत त्रेचाळीस पत्रं. एकालाही उत्तर गेलेलं नव्हतं.

मास्तरांनी ताईंना हाक मारली आणि एक पत्र मोठ्यानं वाचलं. ते आठ महिन्यांपूर्वीचं होतं.

‘मी दुकानांच्या पाट्या रंगवते. शिडीवरून पडले, उजवा खांदा वाकडा जुळला. हात वर जातो, पण शर्ट जाऊ देत नाही. काखेत धरतो, आणि मग ब्रश हलतो. सैल शर्ट घातला तर बाही रंगात बुडते. तुमचा प्रोग्रॅम दोन्ही खांद्यांची वेगळी मापं घेतो असं ऐकलं. तुमचं पान बघून काही कळलं नाही. तुम्ही अजून आहात का?’

ताईंनी मापाची टेप गळ्यातून काढून टेबलावर आपटली.

“आठ महिने ही बाई दारात उभी आहे, आणि आपण आत रेषा मोजत बसलोय! लिही तिला, आम्ही आहोत. ये म्हणावं.”

“ताई, तिचं एव्हाना काहीतरी झालं असेल.”

“काय झालंय ते तिलाच सांगू दे ना!”

चौथ्या दिवशी पाटीवाली तीन तासांचा बसचा प्रवास करून दारात उभी राहिली. पस्तिशीची, उंच, नखांच्या कडांना निळा रंग. तिनं पाट्यांचं काम जवळजवळ सोडलंच होतं. एका छापखान्यात बसून कागद मोजत होती. ताईंनी तिची बावीस मापं घेतली, ‘बेत’नं साचा काढला, संध्याकाळपर्यंत शर्ट तयार. तिनं घातला, हात वर केला. शर्ट काखेत तस्साच अडकला.

तिचा चेहरा पडला. “जाऊ द्या ताई. सवय आहे.”

“तुला असेल, मला नाही,” ताई म्हणाल्या. “हात तसाच धर वर. खाली घेऊ नकोस.” त्यांनी वर केलेल्या हाताचं काखेपासून कंबरेपर्यंत माप घेतलं. “मास्तर, तुझी सगळी मापं हात खाली सोडलेल्या माणसाची आहेत. काम करणारा माणूस हात खाली सोडून उभा राहतो का?”

मास्तर खुर्चीत ताठ बसले. दोन दिवस त्यांनी मागची खोली सोडली नाही, जहाजावरच्या इंजिनिअरशी तासन्‌तास खल केला, आणि ‘बेत’मध्ये तेविसावं माप आलं. पाटीवालीला ताईंनी तोवर घरीच ठेवून घेतलं होतं. दुसरा शर्ट शिवून झाला. पाटीवालीनं हात वर नेला, आणखी वर नेला, हवेतच एक मोठं अक्षर काढलं. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

निघताना तिनं मला पडद्यावर उघडलं आणि मास्तरांना विचारलं, “राग येणार नसेल तर एक बोलू? दुकानाची पाटी वाचून गिऱ्हाईक आत येतं. तुमच्या पाटीवर दुकान कशाचं आहे तेच नाही. या ओळीचा अर्थ सांगता का मला?”

मास्तरांनी पोस्टमनपासून सुरुवात केली आणि दहा मिनिटं रंगून सांगितलं.

“इतकं छान बोलता,” ती म्हणाली, “मग हे पाटीवर का नाही?”

महिनाअखेरीचा बेत तिथंच फिसकटला.

पाटीवाली दर रविवारी येऊ लागली. तिला कोड येत नव्हतं, पण अक्षराला श्वास घ्यायला भोवती किती जागा लागते हे ठाऊक होतं. ती कागदावर माझं रूप काढी, मास्तर ते माझ्यात उतरवत. राखाडी रंग गेला. पहिलं वाक्य आलं, ‘प्रत्येक अंग वेगळं असतं. तुमच्या अंगाचे कपडे बेता.’ त्याखाली मोठं बटण. काही मंडळी कुरकुरली. “आपण काय साबण विकतोय?” असं इंजिनिअरनं खडसावलं. शेवटी गणिताला स्वतःचं एक ऐसपैस पान मिळालं, तेव्हा कुठे तो शांत झाला.

फोटो कुणाचे लावायचे, यावर मात्र सगळे थबकले. पोस्टमन लगेच तयार झाले, केस विंचरून आले. पाटीवाली म्हणाली, “माझा पाठमोरा घ्या. खांदा दिसू दे, चेहरा नको.” फोटो निघाला. तिनं तो पाहिला, आणि जरा वेळानं म्हणाली, “समोरूनही घ्या एक. वाकडा खांदा काय मी चोरून आणलाय?” तो फोटो आज माझ्यावर सगळ्यांत वर आहे.

काकांशी ताई फोनवर बोलल्या. “काका, तुम्ही सांगता ते बरोबरच असतं. पण दार आपटून सांगता हो.” काका रुसले. आठवडाभर कुठे दिसले नाहीत. मग एक दिवस त्यांनी माझ्यासाठी नवं पान पाठवलं, ‘पहिला तास’. शिवणाऱ्याला काय अडतं ते कळावं म्हणून त्यांनी जन्मात पहिल्यांदा मशीनवर बसून उशीचा अभ्रा शिवला होता. बोटात सुई दोनदा घुसली, अभ्रा तीन बाजूंऐवजी चारही बाजूंनी शिवला गेला, हे सगळं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. लोक ते पान हसत वाचतात, आणि वाचता वाचता शिकतात.

आता तुम्हाला वाटेल, माझ्या दारात लगेच जत्रा भरली. तसं नाही झालं. पहिल्या आठवड्यात उलट तक्रार आली, की नव्या फोटोंच्या ओझ्यानं मी साध्या फोनवर उघडतच नाही. औषधवाल्या बाईंनी बसून एकेक फोटो हलका केला. त्रेचाळीस पत्रांना ताईंनी उत्तरं लिहिली. सोळा जण परत बोलले, बाकीचे गेले ते गेलेच. पण त्या सोळांतल्या एका बाईंचा शिवणाचा वर्ग होता. तिथल्या बायका ‘बेत’ वापरू लागल्या. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या एका घड्याळजीनं बसलेल्या माणसाच्या पँटचा साचा स्वतः रचून पाठवला. त्यानं लिहिलं होतं, ‘आजवर सगळ्यांनी मला उभं धरून मोजलं.’ मास्तरांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली आणि साचा त्याच दिवशी ‘बेत’मध्ये घातला. त्या यादीतलं ‘आता बंद’ही कुणीतरी खोडलं आहे.

पाटीवाली पुन्हा शिडीवर चढते. आमची पेटी रोज सकाळी उघडते, आणि पाळीपाळीनं प्रत्येक जण उत्तरं देतो.

मित्रांनो, माझं सांगणं थोडकंच आहे. जगात पुष्कळ माणसं तुमच्याकडून काही न घेता तुमच्यासाठी काही ना काही घडवत बसलेली असतात. त्यांच्या दारावर धूळ दिसली, तर घर रिकामं समजून निघून जाऊ नका. एक हाक मारा. दार कुठे अडतं ते सांगा, जमलं तर स्वतः हात लावा. आणि तुम्हीच असं काही घडवत असाल, तर अधूनमधून बाहेर येऊन आपलं दार परक्याच्या डोळ्यांनी बघा. काम चोख असणं पुरेसं नसतं. ज्याला त्याची गरज आहे, त्याला ते आपल्यासाठी आहे हे कळावंही लागतं. कोण जाणे, या घडीलाही कुणीतरी तुमच्या उंबऱ्याशी उभं असेल, अजून आहात का म्हणून विचारत. त्याला ओ द्या.